दुबईत शिक्षक म्हणून रुजू होताय? आधी कामांचा क्रम लावा

दुबईत नव्याने आलेले शिक्षक वर्गात सहसा अडत नाहीत. ते अडतात कागदांपाशी, आणि तेही कागद नसतात म्हणून नव्हे, तर चुकीच्या क्रमाने केलेले असतात म्हणून. पदवीचं प्रमाणीकरण अर्धवट ठेवून विमानात बसणं, एमिरेट्स आयडी (तिथलं निवासी ओळखपत्र) हातात नसताना घराचा करार करायला जाणं, भारतातल्या बँकेचा मोबाइल नंबर बंद करून येणं, या तीन चुका दर वर्षी त्याच त्या होतात. इथे प्रत्येक पुढचं काम मागच्या कामातून मिळालेल्या कागदावर उभं असतं. एक कडी निसटली की पगार, घर आणि कुटुंबाचा व्हिसा हे सगळं पुढे ढकललं जातं.

पुढची माहिती भारतातून दुबईतल्या खासगी शाळेत जाणाऱ्यांसाठी आहे. अबूधाबी आणि शारजात कामगार कायदा तोच आहे, पण शाळांवर देखरेख करणारी संस्था वेगळी. दुबईत केएचडीए, अबूधाबीत एडेक, शारजात स्पिया. सरकारी फी बदलत राहते, म्हणून भरण्याआधी त्या दिवशीची रक्कम अधिकृत ॲपवर पाहा.

## टप्पा १: सही करण्याआधी ऑफर लेटर वाचा

पगाराचा एकूण आकडा बघून खूश होऊ नका. पहिल्यांदा 'बेसिक' किती ते पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात. किमान एक वर्ष सलग नोकरी झाली की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षामागे ३० दिवसांचं बेसिक मिळतं. दोन शाळांचा एकूण पगार सारखाच असेल, पण एकीचं बेसिक एकूण पगाराच्या ६० टक्के आणि दुसरीचं ३५ टक्के असेल, तर चार-पाच वर्षांनी फरक बराच मोठा होतो.

मग या गोष्टी लेखी आहेत का ते बघा:

- राहण्याची जागा शाळा देणार की भत्ता? जागा देणार असेल तर स्वतंत्र की दुसऱ्या शिक्षकासोबत?
- भत्ता दर महिन्याला की वर्षाचा एकदम? घरभाड्याचे चेक आगाऊ द्यावे लागतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.
- पहिल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीचा पगार पूर्ण मिळणार का?
- विमानाचं तिकीट दर वर्षी की करार संपल्यावर? तिकीट फक्त तुमचं की कुटुंबाचंही?
- प्रोबेशन किती? कायद्याने ते सहा महिन्यांहून जास्त असू शकत नाही.

व्हिसा, वर्क परमिट आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. तो कामगाराकडून वसूल करायला २०२१ च्या कामगार कायद्यात स्पष्ट मनाई आहे. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर सापडला पाहिजे. तिथे सापडला नाही तर बोलणं तिथेच थांबवा.

इशारा: "सध्या व्हिजिट व्हिसावर या, वर्क परमिट मागाहून करू" असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार अडला तर तक्रार करायला करारच नसतो. वर्क परमिटवरचा प्रवेश परवाना हातात आल्यावरच तिकीट काढा, आणि भारतातली नोकरी सोडण्याचं पत्रही त्यानंतरच द्या.

## टप्पा २: नावाचा घोळ मिटवा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना नेमका हाच नडतो. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आणि अनेक पदव्यांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर क्रम उलटा. काही पदव्यांवर आईचं नावही येतं. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांच्या बाबतीत पदवी माहेरच्या नावाने, बीएड सासरच्या नावाने आणि अनुभवपत्र तिसऱ्याच रूपात, असं सर्रास आढळतं.

तिकडे कागद तपासणाऱ्याला मराठी नावांची ही रीत ठाऊक नसते. त्याला दोन वेगळी माणसं दिसतात.

सगळे कागद टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरशः जसं छापलंय तसं एका कागदावर उतरवा. स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही लिहा. मग असं करा:

1. फक्त क्रमाचा किंवा स्पेलिंगचा फरक असेल तर 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा आणि ते चालेल का हे शाळेच्या एचआरला ईमेलने विचारा.
2. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेलच. ते नंतर कुटुंबाच्या व्हिसालाही लागतं, म्हणून त्याचंही प्रमाणीकरण करून घ्या.
3. नावच पूर्ण बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी काढा. त्याला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात इथूनच करा.
4. अनुभवपत्रात चूक असेल तर जुन्या शाळेकडून पासपोर्टप्रमाणे नाव घातलेलं नवं पत्र घ्या. हे सगळ्यात सोपं असतं, आणि तरीही लोक शेवटी करतात.

पासपोर्टची मुदतही आत्ताच पाहा. प्रवेशासाठी किमान सहा महिने शिल्लक लागतात, पण दोन वर्षांचा निवासी परवाना घ्यायचाय तर मुदत भरपूर असलेली बरी. पासपोर्टवर 'ईसीआर' (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल, असा शेरा) असेल तर पदवी दाखवून तो शेरा आधी काढून घ्या, नाहीतर विमानतळावर अडवतील.

## टप्पा ३: पदवीचं प्रमाणीकरण, शेवटच्या शिक्क्यापर्यंत

यूएईसाठी अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून मिळणारा आंतरराष्ट्रीय शिक्का) पुरेसं होत नाही. साखळी अशी असते:

1. विद्यापीठाची पडताळणी
2. राज्याच्या शिक्षण खात्याचं प्रमाणीकरण, ज्याला एजंट 'एचआरडी' म्हणतात
3. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण. हे नेमलेल्या सेवा केंद्रांतून होतं, स्वतः खिडकीवर जाऊन नाही
4. यूएईच्या भारतातल्या दूतावासाचा शिक्का
5. यूएईत पोचल्यावर किंवा ऑनलाइन, तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का

मूळ पदवी आणि बीएड या दोन्हींचं प्रमाणीकरण करा. पदव्युत्तर पदवीवर नेमणूक असेल तर तिचंही. शाळा केएचडीएकडे तुमची मंजुरी मागते तेव्हा हे कागद लागतात, आणि यूएईच्या उच्च शिक्षण मंत्रालयाच्या पदवी-मान्यतेलाही. या मान्यतेसाठी पदवी खरी असल्याचं आणि कोणत्या पद्धतीने शिकलात याचं विद्यापीठाचं पत्र मागितलं जातं. दूरशिक्षणातून पदवी किंवा बीएड केलं असेल तर ते लपवू नका, शाळेला सुरुवातीलाच विचारा. वर्ग सुरू झाल्यावर हा मुद्दा निघाला तर नुकसान तुमचं होतं.

एजंट दुसऱ्या पायरीला 'एसडीएम'चा (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या शिक्क्याचा) जवळचा आणि स्वस्त मार्ग सुचवतात. तुमच्या शाळेला तो चालतो का याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मूळ पदवीच्या मागे शिक्के पडलेले असतात, आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे महिना-दोन महिने जातात.

पोलिसांचा दाखलाही याच काळात काढा. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा 'पीसीसी' असला पाहिजे. स्थानिक पोलीस ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र हा वेगळा कागद आहे. पीसीसी फार आधी काढू नका, शाळा ताजा मागतात.

तपासणी: पदवी पाकिटात ठेवण्याआधी मागची बाजू पाहा. भारतातले सगळे शिक्के आहेत का? प्रत्येक शिक्क्यावरचा क्रमांक वाचता येतो का? दोन्ही बाजूंचं स्कॅन करा. लॅमिनेशन केलेल्या पदवीवर शिक्का बसत नाही, लॅमिनेशन असेल तर विद्यापीठाकडून दुसरी प्रत काढावी लागू शकते.

## टप्पा ४: निघण्याआधीचे तीन आठवडे

### छातीचा एक्स-रे भारतातच काढा

निवासी परवान्यासाठी तिथे रक्त तपासणी आणि छातीचा एक्स-रे होतो. एचआयव्ही आणि क्षयरोग या दोन गोष्टी त्यात पाहतात. लहानपणी क्षय होऊन बरा झालेल्यांच्या फुप्फुसावर डाग राहू शकतो, आणि आपल्याकडे हे कित्येकांना ठाऊकही नसतं. इथे एक्स-रे काढून घ्या. डाग दिसला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा, उपचार पूर्ण झाल्याचे जुने कागद शोधा आणि जाण्याआधी शाळेशी बोला. नोकरी सोडून, सामान बांधून तिथे गेल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

### ओटीपी आणि बँक

भारतीय सिमकार्ड चालू ठेवा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच सुरू करून घ्या. बँक, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. किमान रिचार्ज चुकला की नंबर जातो आणि तो परत मिळवायला स्वतः भारतात यावं लागतं.

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्यानुसार तुम्ही अनिवासी ठरता. मग साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. दुबईतला पगार पाठवायला वेगळं एनआरई खातं उघडा. त्यातल्या व्याजावर भारतात आयकर नाही आणि पैसे केव्हाही परत बाहेर नेता येतात. एनआरओत भारतातलं उत्पन्न येतं: भाडं, व्याज, पेन्शन. त्यावर कर कापला जातो. दुबईतला पगार एनआरओत टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. पैसा अडकतो आणि व्याजावर विनाकारण कर जातो. पीपीएफ चालू असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं मात्र उघडता येत नाही.

### हाताशी पैसे किती हवेत?

अनेक शाळांत पगाराची यादी महिना संपण्याआधीच बंद होते. तुम्ही त्यानंतर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्यात जोडून येतो. शिवाय बँक खातं उघडायला आयडी लागतो. म्हणून किमान आठ आठवडे पगाराविना निघतील इतकी तयारी ठेवा. रोख परकीय चलन एका प्रवासात ३,००० अमेरिकन डॉलरच्या मोलाइतकंच नेता येतं. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्याने हे साधारण ११,००० दिरहम होतात. उरलेले फॉरेक्स कार्डवर घ्या.

### सामानातून काय काढायचं

खसखस. मसाल्याच्या डब्यातली, अनारशांवरची, लाडवातली, सगळी. यूएईत ती अमली पदार्थांच्या यादीत आहे आणि "घरी बनवलेले अनारसे आहेत" हे उत्तर तिथे चालत नाही. आई किंवा सासूने बांधून दिलेला प्रत्येक डबा स्वतः उघडून पाहा, गरम मसाल्यातही खसखस असू शकते. गुटखाही नको.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या आणि मानसोपचाराच्या काही गोळ्या यांना यूएईच्या आरोग्य खात्याची आधी ऑनलाइन परवानगी लागते. नेहमीची औषधंही मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका.

प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा असतो. व्होल्टेज २३० म्हणजे आपल्यासारखंच, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको, दोन-तीन अडॅप्टर पुरतात.

आणखी एक लहानसं काम. यूएईत व्हॉट्सॲपवरून मेसेज जातात, पण कॉल लागत नाहीत. निघण्याआधी आईवडिलांच्या फोनमध्ये बॉटिम किंवा गूगल मीट टाका आणि घरातल्या घरात दोन-तीन वेळा कॉल करून दाखवा. पहिल्या आठवड्यात तुम्हाला घरचा आवाज हवा असतो आणि त्यांनाही तुमचा. तो न लागल्याने होणारी घालमेल टाळता येण्यासारखी आहे. व्हीपीएनच्या आडवाटेने जाऊ नका, तिथे ते अंगाशी येऊ शकतं.

## टप्पा ५: पोचल्यावर आधी फक्त आयडी

पहिल्या दोन आठवड्यांचं एकच उद्दिष्ट ठेवा: एमिरेट्स आयडी. बाकी सगळं त्यामागून.

1. प्रवेशाचा दिवस: प्रवेश परवान्याची छापील प्रत विमानतळावर हातात ठेवा. शाळेच्या एचआरला प्रवेशाची तारीख लगेच कळवा, पुढची मुदत तिथून मोजतात.
2. सिमकार्ड: पासपोर्टवर मिळतं. हा नंबर नंतर सगळ्या सरकारी नोंदींना जोडला जातो, म्हणून सारखा बदलू नका.
3. वैद्यकीय तपासणी: शाळा वेळ ठरवून देते. मूळ पासपोर्ट न्या. एक्स-रेसाठी धातूची बटणं नसलेले कपडे घाला. गर्भवती असाल तर एक्स-रेआधी सांगा.
4. बोटांचे ठसे आणि फोटो: वेळेचा मेसेज फोनवर येतो. ती वेळ चुकवलीत तर पुढची तारीख लांबते.
5. निवासी परवाना आणि कार्ड: पासपोर्टवर आता स्टिकर लागत नाही. कार्ड हाच तुमचा निवासाचा पुरावा. त्यावरचा १५ आकडी क्रमांक ७८४ ने सुरू होतो. नाव, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व लगेच तपासा.
6. यूएई पास: कार्ड आलं त्याच दिवशी हे ॲप सुरू करा. वीज, भाडेकरार, कामगार मंत्रालय, सगळीकडे प्रवेश यातूनच.

इशारा: परवान्याची मुदत ओलांडली तर दिवसाला ५० दिरहम दंड लागतो. चूक शाळेच्या दिरंगाईची असली तरी नोंद तुमच्या नावावर होते. आठवड्यातून एकदा एचआरला विनम्रपणे पण लेखी विचारत राहा.

पासपोर्ट नोंदणीसाठी काही दिवस शाळेकडे जाईल, त्याला हरकत नाही. काम झाल्यावर मात्र परत घ्या. मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदा आहे. "तिजोरीत सुरक्षित राहील" हे ऐकायला बरं वाटतं, पण घरी कुणी आजारी पडलं आणि रातोरात निघावं लागलं तर ती तिजोरी उघडायला कुणाकडे जाणार?

## टप्पा ६: बँक, करार, विमा

बँक खातं शाळेचा पगार ज्या बँकेतून होतो तिथे उघडलंत तर लवकर होतं. किमान शिल्लक किती लागते ते विचारा. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज देऊ करणारे फोन पहिल्याच महिन्यात सुरू होतात. पहिले सहा महिने सगळ्यांना नाही म्हणा. प्रोबेशनमध्ये नोकरी गेली तर कर्ज फेडल्याशिवाय देश सोडणं अवघड होतं.

कामगार मंत्रालयाच्या ॲपवर तुमचा नोंदलेला करार दिसतो. तो ऑफर लेटरशी ओळीनिशी ताडून पाहा, विशेषतः बेसिक. पगार मंत्रालयाच्या वेतन संरक्षण पद्धतीतून, म्हणजे 'डब्ल्यूपीएस'मधून आला पाहिजे. रोख पगार देणारी शाळा असेल तर काहीतरी गडबड आहे. पगार थकला तर मंत्रालयाचा नंबर ६००५९०००० आहे. भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय साहाय्य केंद्र ८००४६३४२ या मोफत नंबरवर मदत करतं.

विम्याचे दोन प्रकार आहेत आणि लोक एकच धरून चालतात. आरोग्य विमा मालकाने द्यायचा. त्यात कोणती रुग्णालयं आहेत आणि प्रत्येक भेटीत तुमचा वाटा किती, हे आजारी पडण्याआधी पाहून ठेवा. दुसरा बेरोजगारीचा विमा, 'आयएलओई'. तो तुम्ही स्वतः काढायचा. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला पाच दिरहम, त्यावर दहा. न काढल्यास ४०० दिरहम दंड. सलग १२ महिने हप्ते भरल्यावर, नोकरी गेल्यास बेसिकच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते.

प्रोबेशनमध्ये आजारपणाची पगारी रजा हक्काने मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. या काळात नोकरी सोडून देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची नोटीस, यूएईतच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची. नोटीस न देता निघून जाणं हा मार्ग नाही, पुढच्या शाळेलाही तुमच्यासाठी केएचडीएची मंजुरी घ्यावीच लागते.

## टप्पा ७: घर

आयडी आणि चेकबुक आल्यावरच घराचं पक्कं करा. तोवर शाळेची जागा, नाहीतर महिन्याच्या बोलीवर खोली. फोटो बघून भारतातून टोकन पाठवणं म्हणजे पैसे सोडून देणं.

भाडं वर्षाचं सांगतात आणि एक, दोन, चार किंवा सहा पुढच्या तारखांच्या चेकमध्ये घेतात. चेक जितके कमी तितकं भाडं खाली येतं. समजा वर्षाचं भाडं ६०,००० दिरहम आणि चेक चार:

- पहिला चेक: १५,०००
- अनामत, विनाफर्निचर घराला साधारण ५ टक्के: ३,०००
- एजंटचं कमिशन, साधारण ५ टक्के: ३,०००
- डीवा या दुबईच्या वीज-पाणी संस्थेकडची अनामत, फ्लॅटला: २,०००

म्हणजे किल्ली हातात पडण्याआधी २३,००० दिरहम आणि वर नोंदणीची किरकोळ फी. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के 'हाउसिंग फी' डीवाच्या बिलात महिन्याला वाटून येते. या उदाहरणात महिना २५०. हा आकडा कुणी आधी सांगत नाही आणि पहिलं बिल बघून माणूस चक्रावतो.

घर पाहताना एसीचं विचारा. 'चिलर फ्री' म्हणजे थंडाव्याचा खर्च भाड्यात धरलेला. तसं नसेल तर वेगळ्या कंपनीचं वेगळं बिल आणि वेगळी अनामत. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना हे बिल कमी करता येत नाही, म्हणून थोडं जास्त भाडं असलेलं चिलर फ्री घर एकट्या शिक्षकाला पुष्कळदा स्वस्त पडतं.

करार झाला की 'इजारी', म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी करा. आपला 'इजारा' हा शब्द त्याच अरबी मुळातला, त्यामुळे विसरायचं कारण नाही. इजारीशिवाय वीजजोडणी मिळत नाही, कुटुंबाचा व्हिसा अडतो आणि वाद झाला तर भाडे लवादाकडे जाता येत नाही. क्रम असा: मालकीचे कागद पाहणे, करार, चेक, इजारी, डीवा, इंटरनेट, मग सामान.

इशारा: चेक मालकाच्या किंवा अधिकृत व्यवस्थापन कंपनीच्या नावानेच लिहा, एजंटच्या नावाने कधीच नाही. चेक न वटणं इथे क्षुल्लक बाब नाही, थेट वसुलीची कारवाई सुरू होते. प्रत्येक चेकच्या तारखेआधी पाच दिवसांचा गजर फोनमध्ये लावून ठेवा.

पार्टिशन घातलेल्या खोल्या आणि मालकाच्या परवानगीशिवाय दिलेली पोटभाड्याची जागा टाळा. पालिकेची तपासणी झाली की एका दिवसात बाहेर पडावं लागतं.

शाळेच्या बसचा मार्ग आधी पाहा, मग परिसर निवडा. भारतीय परवान्यावर निवासी म्हणून गाडी चालवता येत नाही. दुबईचा परवाना होईपर्यंत मेट्रो, बस आणि त्यांच्या भाड्याचं नोल कार्ड हाच आधार. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर १०० दिरहम दंड, भलतीकडून रस्ता ओलांडला तर ४००.

## टप्पा ८: शाळेबाहेरही तुम्ही शिक्षकच

भारतात ज्या गोष्टी सहज केल्या जातात त्यांतल्या चार इथे थेट कायद्यात अडकतात.

फोटो. परवानगीशिवाय कुणाचाही फोटो काढून तो ऑनलाइन टाकणं हा गुन्हा आहे. वर्गातल्या मुलांचा फोटो स्वतःच्या स्टेटसवर कधीच नको, पालकांनी कौतुकाने मागितला तरी शाळेच्या अधिकृत मार्गानेच.

व्हॉट्सॲप. ग्रुपवर रागाच्या भरात लिहिलेला अपशब्द सायबर कायद्याखाली तक्रारीचा विषय होतो. विद्यार्थ्यांशी खासगी चॅट ठेवू नका.

वर्गणी. आजारी सहकाऱ्यासाठी असो वा गावाकडच्या पूरग्रस्तांसाठी, परवाना नसलेल्यांनी निधी गोळा करणं बेकायदा आहे. हेतू कितीही चांगला असला तरी. मदत करायची तर नोंदणीकृत संस्थेकडे थेट पाठवा.

शिकवणी. आपल्याकडे संध्याकाळच्या दोन बॅच हा पगाराला लावलेला हातभार. इथे त्यासाठी खासगी शिकवणीचा परवाना लागतो. डिसेंबर २०२३ पासून कामगार मंत्रालय आणि शिक्षण मंत्रालय मिळून तो देतात. तो मोफत आहे आणि दोन वर्षं चालतो. नोकरीतल्या शिक्षकाला शाळेचं ना हरकत पत्र लागतं, तेव्हा आधी मुख्याध्यापकांशी बोला. परवाना येईपर्यंत एकही मूल घेऊ नका.

रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात आणि वरच्या वर्गांतली बरीच मुलं रोजा ठेवतात. त्या दिवसांत चाचण्या आणि मैदानी खेळ सकाळच्या तासांना घ्या, आणि स्वतःचा डबा स्टाफरूममध्ये खा.

## टप्पा ९: कुटुंबाला आणणे

घाई इथेच होते. प्रोबेशन संपेपर्यंत थांबलेलं चांगलं, निदान इजारी होईपर्यंत तरी. प्रायोजक होण्यासाठी महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि मालकाने दिलेलं घर, ही किमान अट आहे.

विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले प्रमाणित लागतात. हे वैयक्तिक कागद असल्याने त्यांचा राज्यातला मार्ग पदवीहून वेगळा आहे, शिक्षण खात्यातून नाही. तुम्ही दुबईत आणि कागद घरी कपाटात, अशी वेळ आली की कुरियर आणि मुखत्यारपत्राच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून टप्पा ३ च्या वेळीच हे करून घ्या, कुटुंब वर्षभराने येणार असलं तरी.

जोडीदाराचा आणि मुलांचा आरोग्य विमा दुबईत प्रायोजकाने, म्हणजे तुम्ही, काढायचा असतो. शाळा देत असेल तर ते ऑफर लेटरमध्ये दिसेल. मुलांच्या फीत सवलत असेल तर ती किती मुलांना आणि कितव्या महिन्यापासून, हे विचारा. प्रवेशासाठी भारतातल्या शाळेचा सोडल्याचा दाखला लागतो, तोही प्रमाणित करावा लागेल का हे नव्या शाळेला विचारून मगच मुलांचं नाव जुन्या शाळेतून काढा.

निवासी परवाना मिळाल्यावर कुणीही सलग १८० दिवसांहून जास्त यूएईबाहेर राहिलं तर तो परवाना साधारणपणे रद्द होतो. बाळंतपणासाठी पत्नी माहेरी गेली किंवा मुलांना आजी-आजोबांकडे ठेवलं, तर परतीची तारीख या हिशोबानेच ठरवा आणि तिकीट १५० व्या दिवसाच्या आतलं काढा.